आधी धरमकाटा, मग इंजिन

प्रश्न इंदूरच्याच एका मुलीचा आहे, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे ती. तिने लिहिलंय: “काका, आम्हा चौघांचा प्रोजेक्ट आहे. चार माणसांची छोटी गाडी, पेट्रोल कमी खाणारी, कार्बन कमी सोडणारी. सर म्हणतात, आधी इंजिन ठरवा. 800 सीसीचं घ्यावं की 1000 चं? आणि बीएस-6 आल्यावर प्रदूषणाचा प्रश्न तसा उरतोच किती? शिवाय पुढे सगळं इलेक्ट्रिकच होणार असेल, तर आम्ही हे करण्यात काही अर्थ आहे का?”

अगं, पहिले दोन महिने इंजिनाचं नाव काढू नकोस. पीथमपूरला गाड्यांच्या डिझाइन आणि टेस्टिंगमध्ये माझी 31 वर्षं गेली. इंजिन आधी ठरवून सुरू केलेली गाडी मी कधी हलकी झालेली पाहिली नाही. इंजिन हा शेवटचा निर्णय आहे. का, ते सांगतो, पण आधी बीएस-6 चा घोळ मिटवू.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेला तो नियम धुरातल्या विषाचा आहे: नायट्रोजनचे ऑक्साइड, काजळीचे कण, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन. आपल्या फुप्फुसांसाठी तो फार चांगला झाला. पण हवामान तापवणारा कार्बन डायऑक्साइड त्या यादीतच नाही. उलट सायलेन्सरच्या आधी बसवलेला कन्व्हर्टर मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करूनच बाहेर सोडतो. त्याला अडवणारी जाळी गाडीत बसत नाही. जेवढं पेट्रोल जळेल तेवढा तो निघणार, कमी काढायचा तर कमी जाळायचं, बस.

हिशेब तोंडपाठ ठेव. एक लिटर पेट्रोल भरतं साधारण 740 ग्रॅम आणि त्यातून निघतो सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. 740 ग्रॅमचे 2.3 किलो कसे, असं दर वर्षी एखादा ट्रेनी विचारायचाच. कार्बनचा एक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पाठीवर घेऊन निघतो, वजन त्यांचं. तेव्हा 2300 ला गाडीच्या ॲव्हरेजने भाग, किलोमीटरमागे किती ग्रॅम ते मिळेल. 20 चं ॲव्हरेज म्हणजे 115 ग्रॅम, 25 चं म्हणजे 92. आपल्याकडे कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर मर्यादा आहे. 2017-18 पासून ती 130 ग्रॅम होती, 2022-23 पासून 113. तुमच्या कामाचा नियम तो, बीएस-6 नव्हे.

ॲव्हरेजचा आकडा फसवतो, हेही लक्षात असू दे. 20 चं 25 केलं तर 100 किलोमीटरमागे एक लिटर वाचतं. 10 चं 12.5 केलं तर दोन लिटर वाचतात, आणि शोरूममध्ये मात्र अडीच किलोमीटरच वाढलेले दिसतात. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये ‘लिटरला किती किलोमीटर’ लिहू नका, ‘100 किलोमीटरला किती लिटर’ लिहा.

आता मुख्य गोष्ट. गाडीला रस्त्यावर चार गोष्टी मागे ओढतात: टायरचं घर्षण, हवा, चढ, आणि वेग घेताना तिचं स्वतःचं जडत्व. यातल्या तीन गोष्टी थेट वजनाच्या गुणाकारात येतात. एकटी हवा तेवढी वजनाला विचारत नाही, ती आकाराला विचारते.

दोन गाड्या समोर ठेवू. एक छोटी, चालवणाऱ्यासकट 900 किलो. दुसरी आजकालची उंच, रुबाबदार, 1600 किलो. सपाट रस्त्यावर 50 च्या वेगाने छोटीला टायर साधारण 88 न्यूटनने ओढतात आणि हवा 74 ने. मोठीला टायर 157 आणि हवा 120 च्या आसपास. आता छोटीच्या बाबतीत बळाला वेगाने गुण. सव्वादोन किलोवॉट येतात, म्हणजे तीन हॉर्सपॉवर!

तीन. पलासियाहून विजयनगरला सरळ चाललेली छोटी गाडी तीन घोड्यांचं काम करते आणि तिच्या बोनेटखाली पासष्ट घोडे बांधलेले असतात. 90 च्या वेगालाही अकराच लागतात. उरलेले घोडे काय करतात? खातात. पेट्रोल इंजिन कमी कामावर चाललं की थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास बंद असतो आणि पिस्टन जणू नाक दाबून श्वास ओढत असतो. जे इंजिन त्याच्या आवडत्या लोडवर पेट्रोलमधली 35 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा चाकाकडे पाठवू शकतं, तेच शहरात 15-20 टक्क्यांवर येतं. म्हणून छोटं इंजिन चांगलं, हे बरोबरच आहे. पण छोटं इंजिन परवडतं कुणाला? हलक्या गाडीला. खंडवा रोडवरच्या भेरूघाटात 100 मीटरला 6 मीटर चढ धर. 40 च्या वेगाने चढायला 900 किलोच्या गाडीला सगळं धरून दहा घोडे लागतात, 1600 किलोच्या गाडीला सतरा-अठरा. त्यात पाच माणसं, एसी, ओंकारेश्वरहून परतताना डिकीत भरलेलं सामान, आणि पुढे रांगणारा ट्रक ओलांडायची घाई. इंजिनाचा आकार सपाट रस्ता ठरवत नाही, घाट ठरवतो. घाटात वजन बोलतं.

शहरात तर आणखीनच. दर सिग्नलला थांबताना गाडीतली गतिज ऊर्जा ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन संपते. 40 वरून थांबलं की छोटीचे 55 किलोज्यूल जातात, मोठीचे 99. शहरी कार्यक्षमता 20 टक्के धरली तर एक लिटर पेट्रोलमधून चाकाला कामाची मिळते 6.4 मेगाज्यूल ऊर्जा. शंभर वेळा थांबून पुन्हा वेग घेण्यात छोटी पाऊण-एक लिटर खर्च करते, मोठी दीडहून जास्त. थोडं ब्रेक न लावता घरंगळत थांबणंही असतं, त्यामुळे खरा आकडा जरा खाली येईल, पण प्रमाण तेच राहतं. आणि राजवाडा ते भंवरकुआं संध्याकाळी सातला जाऊन ये, शंभर किती पटकन होतात ते कळेल.

म्हणून म्हणतो, तुमची पहिली फाइल सीसीची नको, किलोची हवी. आम्ही तिला ‘वजनाची वही’ म्हणायचो, पुढे ती कॉम्प्युटरवर गेली तरी नाव तेच राहिलं. प्रत्येक भागापुढे ठरवलेलं वजन, ड्रॉइंगवरचं वजन आणि प्रत्यक्ष काट्यावरचं वजन. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातला फरक पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो. एका गाडीच्या वेळी आमच्याकडे सगळी खाती गोड बोलून ‘फक्त 200 ग्रॅम’ मागायला यायची. सीटवाल्यांना फोम वाढवायचा होता, वायरिंग हार्नेसवाल्यांना एक जादा कनेक्टर, आवाजवाल्यांना फ्लोअरवर बिटुमनचा आणखी एक पट्टा. कुणाचंच चूक नव्हतं. पहिला पूर्ण नमुना काट्यावर चढला तेव्हा तो ठरल्यापेक्षा 38 किलोंनी जड निघाला. एकही मोठा भाग जाड झालेला नव्हता! त्यानंतर मी एक नियम केला: ज्याला 200 ग्रॅम वाढवायचे असतील त्याने स्वतःच्याच खात्यातले 200 ग्रॅम आधी आणून द्यायचे. माझ्याशी दोन महिने कोणी नीट बोललं नाही, पण गाडी आटोक्यात आली.

वजन उतरवण्यात चक्रवाढ व्याज आहे. बॉडीचा पत्रा हलका झाला की सस्पेन्शन हलकं चालतं, ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात, मग इंजिन लहान चालतं, मग पेट्रोलची टाकी लहान चालते, मग ते सगळं धरून ठेवणारी चासी पुन्हा थोडी हलकी करता येते. वजन 10 टक्के उतरवून इंजिनही त्या मापाने लहान केलं तर इंधन 6-7 टक्के वाचतं, असा आमच्या धंद्यातला जुना अंदाज आहे आणि मला तो बहुतेक वेळा खरा दिसला. हेच व्याज उलटंही चढतं. रुंद टायर ‘दिसायला’ हवेत म्हणून घेतले की मागे काय काय वाढतं ते वहीत बघ.

या बाबतीत टाटा नॅनो एकदा नीट अभ्यास. 2008 च्या जानेवारीत ती दाखवली गेली, 2018 मध्ये बनायची थांबली. ती बाजारात का पडली यावर लोक खूप बोलतात, मला त्यात पडायचं नाही. इंजिनीअर म्हणून पाहिलं तर 624 सीसी, दोन सिलिंडर, मागे बसवलेलं इंजिन, सुमारे 600 किलो वजन, आणि चाकाला चारऐवजी तीनच नट. लोक तीन नटांना हसले. मी त्या दिवशी आमच्या टीमला विचारलं होतं, चौथा नट आपण का लावतो? ‘नेहमी लावतात म्हणून’ याच्यापलीकडे उत्तर आलं नाही. तसंच 1959 ची ब्रिटिश मिनी. सुएझ कालव्याच्या पेचानंतर इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, त्यातून ती जन्मली. तिचे डिझाइनर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं फिरवलं, 10 इंची चाकं घातली, आणि दहा फुटांच्या गाडीत जमिनीचा जवळपास 80 टक्के भाग माणसांना आणि सामानाला दिला. गाडी छोटी करायची म्हणजे माणसांची जागा कापायची असं नसतं, यंत्राची जागा कापायची असते.

‘हलकी म्हणजे डबा’ असं तुझे बाबा म्हणतील. माझेही म्हणायचे. 1983 मध्ये आलेली मारुती 800 हलकी होती, पण तिच्या काळात आजच्या धडक चाचण्याच नव्हत्या. आज आहेत, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकेत किती सुरक्षित ते सांगणारे, तारेही आहेत. त्यामुळे खांब, दारातले बीम, एअरबॅग यांचं वजन वाढणारच, ते वाढू द्या. तिथे हात लावायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. पण उपाय जाड पत्रा हा नाही. तापवून दाबलेलं बोरॉन पोलाद 1500 मेगापास्कलपर्यंत ताण सोसतं, साध्या पत्र्याच्या कितीतरी पट. ते माणसाभोवतीच्या पिंजऱ्यात वापरायचं आणि पुढचा भाग मऊ ठेवायचा, म्हणजे धडकेची ऊर्जा तो चुरगळून खातो. ठोकल्यावर बोनेट चुरगळलं म्हणून गाडीला शिव्या घालणारे लोक पाहिले की मला मौज वाटते. ती तिचं कामच करत होती.

आकाराबद्दल थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शहरात तो मामुली आणि हायवेवर राजा. समोरून दिसणारं क्षेत्रफळ कमी करणं सोपं, म्हणजे गाडी बुटकी करा. छोट्या गाडीची शेपूट आखूड असते, तिथे हवा भोवरे करते. छताची मागची कड धारदार ठेवली आणि पोट खालून सपाट केलं तर बराच फायदा फुकटात मिळतो. टायरची निवड मात्र तुम्ही आळसाने कराल, हे मी आत्ताच लिहून देतो. कमी घर्षणाचे टायर आणि हवेचा योग्य दाब ही सगळ्यात स्वस्त बचत आहे.

एसीकडे पुस्तकांत कोणी बघत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हात उभी केलेली गाडी उघडून एसी पूर्ण लाव. कॉम्प्रेसर सहज दोन-तीन किलोवॉट ओढतो. मगाशी आपण काढलं होतं की 50 च्या वेगाला गाडी चालवायलाच सव्वादोन लागतात. म्हणजे छोट्या गाडीत थंड व्हायला लागतं तेवढंच किंवा त्याहून जास्त, जेवढं पुढे जायला लागतं. मोठ्या गाडीत हा वाटा लपून जातो, छोटीत लपत नाही. तेव्हा काचा किती तिरप्या, काचेचं क्षेत्रफळ किती, छताचा रंग कोणता, आतलं अस्तर कसलं, हे स्टायलिंगवाल्यांचे प्रश्न नाहीत, तुमचेच आहेत. माळव्यात पांढरं छत म्हणजे पेट्रोल. माझ्या माहितीतल्या कुठल्याच विद्यार्थ्यांनी हा भाग अजून नीट मोजलेला नाही, तुम्ही मोजलात तर प्रोजेक्टचं सोनं होईल.

मग येतं इंजिन. तीन सिलिंडर घ्या, घर्षण कमी. कंप जास्त असतो, त्यासाठी माउंटिंगवर वेळ घाला. आणि टॉप गिअर लांब ठेवा. इथे भांडण होतं. आपल्या ग्राहकाला चौथ्या गिअरमध्ये 30 वरून गाडी उचलायला हवी असते, गिअर खाली घ्यायचा कंटाळा. सेल्सवाले त्याला ‘पिकअप’ म्हणतात आणि गिअर आखूड करून मागतात. इंजिन जास्त फिरतं, ॲव्हरेज पडतं, आणि वर्षभरानंतर तोच ग्राहक ॲव्हरेजची तक्रार घेऊन येतो. ई-20 पेट्रोलचं धोरणही गृहीत धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. पण त्याचा ऑक्टेन चांगला, म्हणजे जास्त दाबलं तरी ते अवेळी पेटत नाही. कॉम्प्रेशन रेशो वाढवून, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण आणखी दाबून, तुम्ही त्यातला काही भाग परत मिळवू शकता. जुन्या गाड्यांना ते जमत नाही, तुम्ही कोऱ्या कागदावर आहात.

आता माझी एक जुनी खदखद. 2006 च्या बजेटमध्ये ‘छोटी गाडी’ची व्याख्या झाली: लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत, की कर कमी. वजनाचा त्यात शब्द नाही. मग काय, आम्ही सगळ्यांनी 4 मीटरच्या आत उंची वाढवली, रुंदी वाढवली, डिकी कापून टाकली आणि 1200-1300 किलोच्या ‘छोट्या’ गाड्या बनवल्या. आम्ही म्हणजे मीसुद्धा. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोटीला 18 टक्के आणि मोठीला 40, पण मोजपट्टी पुन्हा लांबीची आणि सीसीचीच. त्यात 113 ग्रॅमची मर्यादाही कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनानुसार सरकते. गाड्या जड असतील तर मर्यादा थोडी सैल, हलक्या असतील तर घट्ट. म्हणजे 50 किलो उतरवणाऱ्याला त्याच्या कष्टाचं पूर्ण माप मिळतच नाही. जपानच्या केई, म्हणजे तिथल्या सगळ्यात छोट्या वर्गातल्या, गाड्यांनाही माप लांबी-रुंदीचंच आहे, 660 सीसी आणि 3.4 मीटर, पण रुंदीही 1.48 मीटरवर बांधलेली असल्याने वजनाला वाढायला जागाच राहत नाही. आपल्याकडे करपट्टीला सरळ वजनकाट्याशी बांधलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रिकचं काय, तर तुझं काम वाया जात नाही. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिट विजेमागे सध्या सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण मुख्य इंधन अजून कोळसा आहे. छोटी इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला 0.12 युनिट घेत असेल तर 84 ग्रॅम. जडशीळ इलेक्ट्रिक 0.2 घेत असेल तर 140, म्हणजे चांगल्या छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त. ग्रिड स्वच्छ होत जाईल तसे दोन्ही आकडे उतरतील, पण गुणोत्तर तेच राहणार. ब्रेकची ऊर्जा परत मिळवल्याने वजनाची शिक्षा कमी होते, जात नाही. आणि जड गाडीला मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीने गाडी आणखी जड. वही तीच, रकाना नवा.

एक गोष्ट प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहा. तुमची गाडी 92 ग्रॅमची झाली तरी ती कुणाच्या जागी येते, यावर सगळं अवलंबून आहे. 190 ग्रॅमच्या गाडीऐवजी घेतली तर वर्षाला 10,000 किलोमीटरमागे जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला. पण 50 चं ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरच्या जागी आली तर किलोमीटरमागे 46 चे 92 झाले, दुप्पट. स्कूटरवर चौघांनी पावसात बसून जाऊ नये, हे मलाही पटतं. म्हणून त्या कुटुंबाला गाडी नाकारायची असं मी म्हणणार नाही. फक्त ‘हवामान वाचवणारी गाडी’ असं मोठ्या अक्षरात छापू नका. परीक्षक हाच प्रश्न विचारतील, आणि विचारायलाच हवा.

आता पहिलं काम. घरच्या गाडीची टाकी पूर्ण भरून ती मंडीजवळच्या एखाद्या धरमकाट्यावर ने आणि पावती घे. नंतर तू आणि बाबा, दोघंही गाडीत बसून, रविवारी पहाटे एखादा लांब, सपाट, पूर्ण रिकामा रस्ता शोधा. 65 चा वेग घ्या, न्यूट्रल करा, आणि 60 वरून 50 वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. गाडी बाबांनी चालवायची, स्टॉपवॉच तू धरायचं. इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर ब्रेकचा बूस्टर जातो आणि स्टिअरिंग जड होतं. वाऱ्याचा आणि उताराचा परिणाम पुसला जावा म्हणून त्याच पट्ट्यावर उलट दिशेनेही मोजा, दोन्हीकडून पाच-पाच वेळा. आम्ही हेच पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर करायचो, तापमान आणि हवेच्या दाबाच्या दुरुस्त्या लावून. त्यातून निघालेले आकडे डायनोला, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर चालवणाऱ्या यंत्राला, द्यायचे आणि मग लॅबमध्ये ॲव्हरेज काढायचं.

इथे एक गंमत दिसेल. शेजारच्यांची मोठी गाडी मिळाली तर तिच्यावरही करून बघ. मघाच्या आपल्या आकड्यांनी छोटीला 14 सेकंद लागायला हवेत, मोठीला जवळपास 15. मोठी जास्त वेळ घरंगळते! एकदा टेस्ट पाहायला आलेले एक पाहुणे हे बघून म्हणाले होते, “बघा, जड गाडीच जास्त फ्री चालते.” मी त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर दिला. वेगातला फरक सेकंदाला किती मीटर ते काढा, त्याला सेकंदांनी भागा आणि वजनाने गुणा, म्हणालो. छोटीचं उत्तर 180 न्यूटनच्या आतबाहेर आलं, मोठीचं 300.

तुझ्या गाडीचा तो आकडा आणि धरमकाट्याची पावती घेऊन लोकमान्य नगरला ये. येताना पोहे आण, जिलबी माझ्याकडे असेल.